कलमाचा चाकू कसा निवडावा, कसा राखावा

कोयी रुजून तांबूस कोंब वर आले की दरवर्षी दोन-चार जण आमच्या नर्सरीच्या मांडवात येऊन उभे राहतात. कुणी शेतकी कॉलेजातली पोरं, कुणी मुंबईची नोकरी सोडून गावच्या बागेत परतलेले. प्रश्न सगळ्यांचा एकच, "काकी, चाकू कुठला घेऊ?" सांगत बसायचं तर हातातलं काम थांबतं, आणि जुलै महिन्यात हात थांबवून आम्हाला परवडत नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

मी कुडाळ तालुक्यात सव्वीस वर्षं आंबा-काजूची कलमं बांधते. हंगामात दिवसाला अडीचशे-तीनशे होतात. एवढ्या वर्षांत चाकू झाले चार. त्यातला पहिला अजून वापरात आहे, आणि त्याची गोष्ट आधी सांगते, कारण निवडीतली सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली होती.

लग्न होऊन आले त्या पावसात माझे सासरे, आबा, मला कलमं बांधायला शिकवत होते. बाजारातून एक घडीचा चाकू आणला होता. लाकडी मूठ, पितळेचे खिळे, दिसायला देखणा. आबा त्याने काडी, म्हणजे रोपावर चढवायची चांगल्या झाडाची फांदी, दोन्हीकडून अशी तासायचे की तिची पाचर काचेसारखी चमकायची. माझ्या हातात तोच चाकू आला की पाचर मधोमध खोलगट व्हायची, होडीच्या आतल्या बाजूसारखी. पहिल्या शंभरातली बावीसच कलमं जगून फुटली. मी वैतागून म्हटलं, चाकू बदलून आणू या. आबा चाकू उलटसुलट बघत हसले, "चाकू बरो हा गो, तुझो हातच उलटो."

मी डावखुरी. आणि कलमाचा चाकू एकाच बाजूने घासलेला असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

एकाच बाजूची धार

घरातली सुरी हातात घेऊन धारेकडून बघा. दोन्ही बाजूंनी उतरत येऊन पातं मध्यावर मिळतं. कलमाच्या चाकूचं तसं नसतं. एक बाजू मुळापासून टोकापर्यंत सपाट, आणि उतार फक्त दुसऱ्या बाजूला. सुताराच्या पटाशीसारखं. तासताना सपाट बाजू काडीला चिकटून चालते आणि उताराची बाजू निघणारं सालपट बाहेर ढकलते. त्यामुळे काप आपोआप सरळ येतो. दोन्हीकडे उतार असलेला चाकू लाकडात शिरला की एक तर खोल जातो नाहीतर वर येतो. त्याला सरळ चालवायला मनगटाची कसरत करावी लागते, आणि ती दोनशे वेळा काही जमत नाही.

बाजारातले जवळजवळ सगळे चाकू उजव्या हाताचे. डावखुऱ्याने तो धरला की सपाट बाजू सालपटाकडे जाते आणि उतार काडीकडे येतो. म्हणजे मुळातच उलटं काम. डाव्या हाताचे चाकू काही परदेशी कंपन्या बनवतात, पण आपल्याकडच्या दुकानात मी आजवर एकही पाहिला नाही. तुम्ही डावखुरे असाल तर दोन्हीकडे उतार असलेला चाकू घेऊन शिकणं उजव्या हाताच्या चाकूपेक्षा बरं, असं माझं मत आहे. नाहीतर आबांनी केलं ते करा. पाऊस संपल्यावर त्यांनी महिनाभर रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तो चाकू खरखरीत दगडावर घासला आणि उतार एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेला. पातं चांगलं पाच-सहा मिलिमीटर अरुंद झालं. लोहाराकडे ग्राइंडरवर लावला असता तर दहा मिनिटांचं काम होतं, पण पातळ धार ग्राइंडरवर तापून निळी पडते, आणि निळं पडलेलं पोलाद मऊ होतं, त्याचं पाणी उतरतं. मग धार टिकत नाही. दुसऱ्या पावसात शंभरातली सत्तरच्या वर कलमं जगली.

इतका काथ्याकूट कशासाठी

हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही. कोयीतून एकच रोप येतं आणि ते कशाला लागेल त्याचा नेम नसतो. म्हणून खाली रायवळचं, म्हणजे गावठी आंब्याचं, रोप आणि वर हापूसची काडी. पूर्वी भेट कलमं करायचे. कुंडीतलं रोप झाडाच्या फांदीपर्यंत न्यायचं, दोघांची साल तासून जोडायची आणि दोन-तीन महिने वाट बघायची. आता कोय कलम. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत कोकणात रुळवली आणि त्यानंतरच नर्सऱ्यांचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला.

कोय कलमात रोप पंधरा दिवसांच्या आतबाहेरचं, तांबूस, कोवळं. जमिनीपासून सात-आठ सेंटिमीटरवर त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध तीन-चार सेंटिमीटर उभी चीर द्यायची आणि तेवढीच लांब पाचर केलेली काडी त्यात बसवायची. सालीच्या लगेच आत एक ओला, निसरडा थर असतो. वाढ होते ती त्याच थरातून. रोपाचा थर काडीच्या थराला टेकला तर कलम जुळतं. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी तिथे पाणी साठतं, बुरशी येते, काडी काळी पडते. बोथट चाकू हा थर कापत नाही, चिरडतो. वरून पट्टी कितीही घट्ट बांधा, चिरडलेलं जुळत नाही.

सगळा खेळ त्या एका सपाट कापाचा आहे. चाकू घेताना तेवढंच बघायचं.

दुकानात काय बघायचं

पातं सरळ हवं. टोकाकडे वर वळलेलं, फळं कापायच्या चाकूसारखं पोटदार पातं नको. लांबी सहा-सात सेंटिमीटर पुरे. मूठ तळहातापेक्षा थोडी लांब, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटर. छोटी मूठ दुपारपर्यंत तळहातात रुतायला लागते. आमच्याकडच्या दोन मुलींनी की-चेनला लावायचे इवलेसे चाकू हौसेने आणले होते, चार दिवसांत फोड आले.

पातं उघडा आणि टोक चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचितही डुगडुगलं तर तो चाकू परत ठेवा. घडीच्या चाकूचा जीव त्या एका खिळ्यात असतो. तिथे ढिला असलेला चाकू घरी येऊन घट्ट होत नाही, उलट अजून सुटतो. उघडताना आणि मिटताना पाठीची पट्टी जोर लावून बसली पाहिजे, टक्‌ असा आवाज आला पाहिजे. अर्धवट उघडून सोडल्यावर पातं लोंबकळत असेल तर एक दिवस ते तुमच्या बोटावर मिटणार. बटण दाबून सट्‌कन उघडणारे, रामपुरी थाटाचे चाकू सिनेमात शोभतात. मांडवात नखाने उघडायचाच बरा.

आता एक युक्ती. दुकानाच्या काउंटरवर बहुतेक वेळा काच असतेच. पात्याची सपाट बाजू त्या काचेवर टेकवा आणि डोळा काचेच्या पातळीला आणून बघा. पातं आणि काच यांच्या मध्ये उजेड दिसला तर ते पातं वाकडं आहे. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. मग धार उजेडाकडे करून समोरून बघा. चांगली धार दिसतच नाही. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे ती बोथट आहे, आणि जिथे ठिपका चमकतो तिथे खड्डा. बोथटपणा घरी काढता येतो. मोठा खड्डा असेल तर दुसरा नग मागा.

काही चाकवांना दुसऱ्या टोकाला पितळेची किंवा प्लॅस्टिकची चपटी जीभ असते. ती डोळे भरण्यासाठी, म्हणजे गुलाबाची, लिंबाची साल उचलून आत डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, सरकवायला. आंबा-काजूच्या कलमाला तिचा काही उपयोग नाही, आणि ओल्या हातात ती मध्ये मध्ये येते.

पोलादाचं म्हणाल तर दोन जाती. साधं कार्बनचं पोलाद गंजतं, आंब्याच्या चिकाने काळं पडतं, पण त्याला धार झटकन लागते आणि केसासारखी लागते. स्टेनलेस गंजत नाही, पण स्वस्तातलं असेल तर दगडावर कितीही घासा, हाताला लोणी लावल्यासारखं वाटतं. जर्मनीतल्या रॉयटलिंगेन गावची ‘टिना’ ही १८५४ पासूनची कंपनी कार्बनच्या पोलादाचे कलमाचे चाकू करते. स्वित्झर्लंडच्या ‘व्हिक्टोरिनॉक्स’चे न गंजणारे असतात. दोन्ही मी एकेकदा पाहुण्यांचे वापरून पाहिले. उत्तम आहेत, पण त्यांना हजारांत पैसे पडतात. शिकणाऱ्याने आधी शे-दोनशेच्या घरातला देशी चाकू घ्यावा आणि तो दगडावर घासून घासून शिकावं. महागाचा चाकू वाईट धार लावून बिघडवण्यात काय अर्थ?

आणि दाढीचं ब्लेड? आमच्याकडच्या निम्म्या बाया ब्लेडच वापरतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. कोयीच्या कोवळ्या रोपाला चीर द्यायला नवं ब्लेड चाकूपेक्षा सरस आहे. पण काडी निबर असेल, विशेषतः काजूची, तर ब्लेड वाकतं आणि काप लाटेसारखा येतो. शिवाय संध्याकाळी मांडवात पडलेले ब्लेडचे तुकडे अनवाणी पायांना सापडतात.

धार

नवा चाकू दुकानातून धारदार येत नाही, हे गृहीत धरा. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, एक मऊ. त्याने सुरुवात होते. त्याच्या पुढे १००० आणि मग ३००० किंवा त्याहून बारीक नंबरचा पाण्याचा दगड मिळाला तर बघायला नको. दगड दहा मिनिटं पाण्यात भिजत घालायचा आणि ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे सरकत नाही.

उताराची बाजू दगडावर टेकवा. वेगळा कोन शोधत बसू नका, उतार दगडावर पूर्ण बसला की कोन त्याचा त्यालाच कळतो. मूठ थोडी तिरकी धरून, पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत, एकसारख्या दाबाने. वीस-पंचवीस वेळा झालं की सपाट बाजूने काठावर नखाचं टोक हळूच ओढून बघा. बारीक खरखर लागते. ती पूर्ण लांबीभर लागली पाहिजे. मध्येच लागत नसेल तर तिथे अजून दगड पोचलेला नाही. खरखर सगळीकडे आली की पातं उलटं करून सपाट बाजू दगडावर अगदी आडवी झोपवायची आणि दोन-तीनदा अलगद ओढायची, खरखर जाईपर्यंत. इथे नव्वद टक्के लोक चुकतात. सपाट बाजू घासताना पाठ केसभर उचलली जाते आणि त्या बाजूलाही बारीकसा उतार तयार होतो. तो डोळ्याला दिसत नाही, पाचरीत दिसतो. मग बारीक दगडावर हेच सगळं परत, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर आठ-दहा वेळा, धार मागे ठेवून.

तपासायला वर्तमानपत्राचा कागद एका हातात लटकता धरून कापा. सुरीसारखा फाटल्याचा आवाज न होता पातं खाली गेलं पाहिजे. पुरुष मंडळी हातावरचे केस उडवून बघतात. त्याची काही गरज नाही.

हंगामात मी मोठं घासणं आठवड्यातून एकदा करते, पण पट्ट्यावर दर पन्नास-साठ कलमांनी. पट्टा मांडवाच्या खांबाला खिळ्याने ठोकूनच ठेवला आहे.

प्रत्यक्ष काम

काडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, टोकाचा डोळा टपोरलेला. झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पानं उडवून नुसते देठ ठेवले तर डोळे फुगून येतात. काडी कापली की ओल्या फडक्यात, उन्हात नाही.

पाचर करताना काडी डाव्या हातात (तुमच्या, माझ्या नव्हे), कोपर अंगाला चिकटलेलं. पातं मुळाकडून काडीवर टेकवायचं आणि टोकाकडे सरकवत एकाच ओढीत काप पुरा करायचा. विळीवर भाजी चिरताना आपण नुसती दाबत नाही, सरकवतो. तसंच. दाबून तासलं तर पायऱ्या पडतात. एका ओढीत नाही आलं तर त्याच कापावर परत परत खरवडू नका, अर्धा सेंटिमीटर वर सरका आणि नवा काप घ्या. मग काडी फिरवून दुसरी बाजू. दोन्ही काप जोडून पाचरीचं टोक नखाएवढं पातळ झालं पाहिजे. कापलेल्या जागेला बोट लावायचं नाही, तोंडात धरायचं तर मुळीच नाही. आमच्याकडे एक जुने कामगार काडी ओठांत धरून पट्टी शोधायचे. आंब्याच्या चिकाने त्यांचे ओठ कायम उललेले.

पाचर रोपाच्या चिरेत बसवताना रोप आणि काडी सारख्या जाडीची नसतील तर मधोमध बसवू नका. एका बाजूची साल सालीला जुळवा, दुसरी बाजू सोडून द्या. एक बाजू पक्की जुळलेली पुरते. वर प्लॅस्टिकची दीडेक सेंटिमीटर रुंद पट्टी खालून वर ताणून बांधायची. पट्टी कात्रीने कापा, या चाकूने नाही. काडीवर आम्ही पेप्सीकोल्याची लांब पिशवी टोपीसारखी चढवतो, त्यात ओल टिकते.

अंगठ्याचं सांभाळा. तासताना अंगठा काडीखाली असतो आणि सगळ्या जखमा तिथेच होतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंचांचा तुकडा कापून अंगठ्यात घातला की झालं. माझ्या अंगठ्यावर तीन खुणा आहेत, तिन्ही ट्यूब घालायला लागण्याच्या आधीच्या. कापलंच तर चीक लागू देऊ नका, साबणाने धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून बघा.

पावसात चाकू राखणं

कोकणात जुलैमध्ये भिंतीला घाम फुटतो, तिथे पोलादाचं काय. काम संपलं की पातं पुसायचं, कोरडं करायचं आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. आंब्याचा चीक तेलानेच सुटतो. काजूचा डिंक गरम पाण्याच्या फडक्याने. काळपट डाग पडला तर घाबरू नका, तो गंज नव्हे. नारिंगी ठिपका दिसला तर मात्र त्याच दिवशी बारीक दगडाने काढा. खिळ्यात माती गेली की पातं करकरतं. तिथे थोडं रॉकेल सोडून उघडमीट करायची, पुसायचं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. चामड्याच्या म्यानात पावसाळ्यात ठेवू नका, ओल धरतं. माझा चाकू सुती फडक्यात गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतो.

एका झाडाच्या काड्या संपवून दुसऱ्याला हात घालताना स्पिरिटच्या बोळ्याने पातं पुसायचं. मर आलेल्या फांदीला तर हा चाकू लावायचाच नाही.

आणि दुसऱ्याला द्यायचा नाही. एकदा आमच्या यजमानांनी त्याने सुतळी कापली. एकदा पुतण्याने कैरी कापून मीठ-तिखट लावून खाल्ली, आणि कैरीबरोबर आतली बाठही. बाठीवर धारेचे दोन दात गेले, ते भरून यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तेव्हापासून मांडवात एक जाडाभरडा चाकू दोरीला बांधून ठेवला आहे. शेंडे उडवा, गोण्या फाडा, कैऱ्या कापा, सगळं त्याने.

चाकू घेऊन प्रवासाला निघालात तर विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या सामानात टाका. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांबद्दल शस्त्रांच्या नियमात लिहिलेलं आहे, त्यातून शेतीची अवजारं वगळलेली आहेत, आणि आपला चाकू तर त्याच्या निम्म्याचाही नाही. तरी एसटीत खिशात उघडा ठेवून बसू नका.

आता शेवटचं. तीन आठवड्यांनी जी कलमं फुटत नाहीत ती लोक उपटून फेकतात. फेकायच्या आधी पट्टी सोडा, काडी ओढून काढा आणि पाचर बघा. मधोमध लांबट काळा डाग असेल तर काप खोलगट होता, सपाट बाजू तपासा. फक्त टोक काळं असेल तर पाचर जाड राहिली. कडेला सालीपाशी चुरगळल्यासारखं तपकिरी दिसलं तर धार गेली होती. काप गुळगुळीत, पिवळट आणि तरी कलम मेलेलं, तर चाकूचा दोष नाही, काडी वाळलेली होती नाहीतर बांधणी सैल. मी अशा पाचरी सुपात मांडून ठेवते आणि नवीन मुलींना एकेक हातात देऊन विचारते. दहातल्या चार-पाचांत खोलगट डाग निघाले की त्या दिवशी दुपारी कलमं बंद, दगड बादलीत भिजत.